ब्यूरेटच्या दोन रेघांमधलं

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी खोकल्याचं औषध चमच्यात ओतताना मी अजून चमचा डोळ्यांसमोर आडवा धरतो आणि पातळी बघतो. बायको सुमन म्हणते, "अहो, खोकला आहे तुम्हाला, बॅच नाही पास करायची." तिचं खरं आहे. पण तीसेक वर्षं जे डोळे एकाच कामाला लावले, ते आता दुसऱ्या कामाला कसे लावू?

ठाणे-बेलापूर रस्त्यावर रंगांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लागलो तो काचसामान धुवायला, आणि निघालो केमिस्ट म्हणून. मधल्या पायऱ्या सांगत बसत नाही. एकच पायरी सांगतो, कारण तिच्यावर मी जवळजवळ घसरलो होतो.

आधी काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

रिअॅक्टरमध्ये, म्हणजे मोठ्या बंद भांड्यात, माल शिजत असतो. तो झाला की नाही, हे वरून बघून कळत नाही. मग ऑपरेटर बाटलीत नमुना आणतो. आम्ही त्यातला मोजून थोडा काचेच्या चंबूत घ्यायचो आणि त्यात एका द्रावाचे दोन थेंब टाकायचो. चंबूच्या वर ब्यूरेट असते, म्हणजे रेघा आखलेली काचेची लांब उभी नळी. खाली तोटी. त्या नळीतला अल्कली थेंब थेंब चंबूत सोडायचा आणि दुसऱ्या हाताने चंबू फिरवत राहायचं. बराच वेळ काही होत नाही. मग एका थेंबाला गुलाबी झाक येते आणि जाते. पुढच्या थेंबाला येते, जरा रेंगाळते, जाते. आणि एक थेंब असा येतो की गुलाबी राहतो. तिथे तोटी बंद. नळीत पातळी कुठे आली ते वाचायचं, त्यावरून मालात आम्ल किती उरलं ते कळतं. एक थेंब जास्त झाला तर सगळं पुन्हा. याला टायट्रेशन म्हणतात.

ब्यूरेटवर रेघा एका दशांशाच्या असतात. चोवीस पूर्णांक तीन, चोवीस पूर्णांक चार. पातळी दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबली, तर ते मधलं वाचणाऱ्याने डोळ्याने ठरवायचं. चोवीस पूर्णांक पस्तीस. हे मधलं वाचायला पुस्तक लागत नाही. डोळा लागतो, आणि घाई नसावी लागते.

घाई नसणं मला घरातून मिळालं. आम्ही तिथल्याच शिरवणे गावचे. माझा बा, पोशा म्हात्रे, मिठागरात कामाला. पुढे मिठागरं गेली, जमिनी नव्या शहरात गेल्या आणि गावातल्या पोरांना कंपन्या आल्या. मी लागल्यावर पहिल्याच वर्षी बा एकदा डबा द्यायला आला. वॉचमन ओळखीचा, त्याने सरळ प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत सोडला. मी ब्यूरेटवर हात बसवत होतो. बा खिडकीतून बघत उभा राहिला.

"इतक्या सावकाश?" त्याने विचारलं.

"घाई केली तर पुढे जातं, बा."

"मिठाचं बी तसंच हाय. पान्यावर साय धरली का थांबाचं. हात घातला का गेला." मग डबा खिडकीत ठेवून म्हणाला, "मंग तुला जमंल."

बा अंगठा लावायचा. पण मला मिळालेल्या सगळ्या सर्टिफिकिटांत ते पहिलं, असं मी मानतो.

आमचे मुख्य केमिस्ट देवस्थळी साहेब. दादरहून यायचे. पांढरा कोट, कोटाच्या खिशाला दोन पेनं, आणि एक रजिस्टर. ते रजिस्टर त्यांचं देवघर होतं म्हणा. तारीख, बॅच, ब्यूरेटचं वाचन, निकाल, सही. कंपनीचा नियम असा की पृथक्करण, म्हणजे ही तपासणी, पदवीधर केमिस्टनेच करायचं आणि सहीही त्यानेच. रजिस्टरात दुसऱ्याचं अक्षर नको, हा मात्र साहेबांचा स्वतःचा नियम. मी कामाच्या टेबलामागच्या पांढऱ्या टाइल्सवर पेन्सिलीने आकडे लिहायचो. सकाळी साहेब रजिस्टर उघडून बसायचे आणि म्हणायचे, "हं, सांग." मी टाइल वाचायचो, ते लिहायचे, सही करायचे. मग मी ओल्या फडक्याने टाइल पुसायचो.

आता तुम्ही म्हणाल, पृथक्करण तर केमिस्टने करायचं होतं. सुरुवातीला तेच करायचे. मी शेजारी उभा राहून शिकलो. एकदा काय झालं, रिअॅक्टरवरचा ऑपरेटर कांबळे नमुना घेऊन आला. हा परभणीकडचा, माझ्याच वयाचा, तोंडाने जहाल आणि मनाने सोनं. साहेबांनी टायट्रेशन केलं आणि म्हणाले, "चोवीस पूर्णांक चार. जास्त आहे, नापास. अजून दोन तास शिजू दे."

मी बाजूला उभा होतो. न राहवून बोललो, "साहेब, पंचवीस आहे. चोवीस पूर्णांक पंचवीस."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की कांबळे दाराकडे सरकला. पण माणूस प्रामाणिक. पुन्हा केलं आणि या वेळी वाचन मला करायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा माझं वाचन पंचविसाच्या आसपास. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पास," एवढंच म्हणाले.

बाहेर कांबळे म्हणाला, "म्हात्रे, तू तर गेलास बघ. उद्यापासून तुझी बदली संडास धुवायला."

तसं काही झालं नाही. उलट त्या दिवसापासून साहेब ब्यूरेटला हात लावेनासे झाले. मला कधी काही म्हणाले नाहीत. फक्त रोज सकाळी, "हं, सांग." बॅचमागून बॅच मी केल्या आणि सह्या त्यांच्या पडत गेल्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पाणी भरणाऱ्याचं नाव विहिरीवर कोण लिहितं?

वाटायला लागलं ते कॉलेजात गेल्यावर.

नाइट हायस्कूलमधून मॅट्रिक झालो होतो. मग खाडीपलीकडच्या एका कॉलेजात विज्ञानाला नाव घातलं. बसने पूल ओलांडून जायचं, संध्याकाळचे वर्ग करून यायचं. प्रॅक्टिकलं मात्र दुपारी. पहिली वर्षं रात्रपाळ्या मागून घेऊन काढली. झोप कधी घेतली ते सुमनला विचारा, तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. शेवटच्या वर्षाला कंपनीने पाळ्या बदलल्या आणि सलग रात्रपाळी मिळेना. म्हणजे दुपारची प्रॅक्टिकलं बुडणार. प्रॅक्टिकलं नाहीत तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर पदवी नाही. इतक्या वर्षांचं येणं-जाणं खाडीत.

तेव्हा विद्यापीठाने प्रयोग म्हणून एक सोय काढली होती. जो प्रयोगशाळेतच नोकरी करतो, त्याचं काम तज्ज्ञांनी येऊन तपासायचं, आणि ते पदवीच्या तोडीचं निघालं तर प्रॅक्टिकलच्या जागी धरायचं. कॉलेजातला कारकून म्हणाला, "अर्ज करा, सूट मिळेल." तो शब्द मला टोचला. सूट कोणाला देतात? ज्याला झेपत नाही त्याला. मला माझं काम मोजून हवं होतं. रोज दुसऱ्याचं मोजत होतो, एकदा कुणीतरी माझं मोजावं.

अर्जाला दोन गोष्टी लागत होत्या. साहेबांचं पत्र आणि माझ्या कामाची वही.

पत्र साहेबांनी दुसऱ्याच दिवशी टाइप करून दिलं. मी ते बसमध्ये उघडलं. 'श्री. म्हात्रे हे मला पृथक्करणाच्या कामात सहाय्य करतात. वर्तणूक चांगली.' सहाय्य. माझे कान गरम झाले. पुढचा महिनाभर मी साहेबांशी कामापुरतं बोललो. त्या माणसाने 'हाच सगळं करतो' असं लिहिलं असतं, तर नियम मोडल्याची कबुली त्याच्याच सहीने झाली असती, त्याची नोकरी धोक्यात आली असती. हे मला दिसत होतं आणि दिसूनही राग जात नव्हता. त्या महिन्याची आज लाज वाटते.

वही मी मन लावून केली. रजिस्टरमधून शंभर बॅचेस निवडल्या. सुमनने लाल शाईने समास आखले. खाकी कव्हर घातलं. आणि आकडे लिहिताना मी एक शहाणपणा केला. रजिस्टरात माझी वाचनं होती तशी उतरली होती, चोवीस पूर्णांक पस्तीस, तेवीस पूर्णांक पंचाऐंशी. वहीत मी ती सगळी नीट करून टाकली. चोवीस पूर्णांक चार. तेवीस पूर्णांक नऊ. शेवटी पाच असलेले आकडे मला कच्चे वाटायचे, टाइलवरचे. शिकलेली माणसं एका आकड्यावर थांबतात, साहेब स्वतः वाचायचे तेव्हा तसेच थांबायचे. म्हटलं, प्राध्यापक बघणार आहेत, नीटनेटकं दिसू दे.

तपासायला आल्या त्या नाडकर्णी मॅडम. सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी, आणि आवाज असा की नमुन्याच्या बाटल्यासुद्धा सरळ उभ्या राहतील. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मॅडमनी चहा बाजूला सारला आणि वही उघडली. मी उभा. कांबळे खिडकीबाहेर दोनदा घुटमळून गेला. त्याला तेव्हा नमुना आणायचाच नव्हता.

वही बघून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे. यात तुमचं काय आहे?"

"सगळं, मॅडम."

"मला तर हे तुमच्या साहेबांच्या रजिस्टरची नक्कल दिसते. तुमच्या हाताची कच्ची नोंद दाखवा. चिठ्ठी, कागद, काहीही."

मी टाइल्सकडे बघितलं. सकाळीच पुसल्या होत्या. चकचकीत.

"नाहीये, मॅडम."

"एकही नाही?"

"रोज पुसतो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ती टोपण लावल्याची टिक मला अजून ऐकू येते. मनात म्हटलं, संपलं. मग कोण जाणे काय वाटलं, त्या म्हणाल्या, "रजिस्टर बघू."

साहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं. मॅडम पानं उलटत गेल्या. मधूनच माझी वही शेजारी धरायच्या. एकदा थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"म्हात्रे, ही बॅच. रजिस्टरात चोवीस पूर्णांक पस्तीस आहे, तुमच्या वहीत चोवीस पूर्णांक चार. का बदललंत?"

"शोभत नव्हतं, मॅडम."

"काय शोभत नव्हतं?"

"पाच. कच्चं दिसत होतं."

मॅडम रागावल्या की काय ते कळेना. मग त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि एका पानावर बोट ठेवलं. "हे बघा. वर्षभर जवळपास प्रत्येक पानावर दोन रेघांमधलं वाचन आहे. पस्तीस, पंचाऐंशी, पाच. फक्त ही एवढी पानं सोडून. इथे एकही पाच नाही. सगळी वाचनं बरोबर रेघेवर. तेरा दिवस. चौदाव्या दिवशी पुन्हा पाच सुरू. या तेरा दिवसांत काय झालं होतं?"

मी तारखा बघितल्या.

"मी नव्हतो, मॅडम. माझा बा वारला होता."

मॅडमनी साहेबांकडे वळून विचारलं, "हे तेरा दिवस टायट्रेशन कोणी केलं?"

"मी," साहेब म्हणाले.

"आणि बाकीचे दिवस?"

साहेबांनी एका वाक्यात सुटका करून घेतली असती. 'माझ्या देखरेखीखाली,' म्हणाले असते तर ते खोटंही झालं नसतं. पत्रात तेच लिहिलं होतं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, मला गेली कित्येक वर्षं ब्यूरेटच्या दोन रेघांमधलं दिसत नाही. डॉक्टरकडे गेलो तर कंपनीला कळेल म्हणून गेलो नाही. हा वाचतो, मी लिहितो. सही माझी आहे. काम याचं आहे."

मी खाली बघत होतो. महिनाभर ज्याच्याशी नीट बोललो नव्हतो, त्या माणसाने माझ्यासाठी आपलं देवघर उघडं करून दाखवलं होतं.

मॅडमनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. "यात काय किती आहे ते सांगा." मी बसलो. तीनदा केलं. तिन्ही वाचनं सांगितली, पाचासकट. त्यांनी आपल्या चिठ्ठीत बघून मान हलवली. मग विचारलं, "आता सांगा, तुम्ही दोन थेंब टाकता तो द्राव आम्लात बिनरंगी आणि अल्कलीत गुलाबी का होतो? त्याच्या रेणूत काय बदलतं?"

मला येत नव्हतं. हजारदा गुलाबी केला होता, का होतो ते कधी विचारलं नव्हतं. "माहीत नाही, मॅडम," म्हटलं.

"बरं झालं सांगितलंत. नाहीतर मला सगळंच संशयास्पद वाटलं असतं." आणि त्यांनी लिहून टाकलं. पृथक्करणाचं प्रॅक्टिकल पूर्ण धरलं. सेंद्रिय रसायनाचं धरलं नाही. "जे येतं ते मोजलं. जे येत नाही ते शिकायला यायचं. शनिवारी दुपारी कॉलेजात मी स्वतः असते."

सही करून झाल्यावर गार झालेला चहा त्यांनी एका घोटात प्यायला.

अर्धंच मिळालं, पण त्या अर्ध्याने पदवी वाचली. आठवड्याच्या तीन दुपारी मला कंपनीने कधीच सोडलं नसतं. एक शनिवार जमण्यासारखा होता, तोही कांबळेमुळे. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या अटेंडंटला त्याने काय पटवलं देव जाणे, त्याने माझे सगळे शनिवार घेतले. विचारलं तर कांबळे म्हणायचा, "टेन्शन घेऊ नको. तू साहेब झालास की माझ्या बॅचा डोळे मिटून पास करायच्या." साहेब झाल्यावर त्याची पहिलीच बॅच मी नापास केली. त्या दिवशी त्याने मला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर ज्या शिव्या दिल्या, त्या दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. संध्याकाळी घरी पेढे घेऊन आला.

शनिवारी मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर तो गुलाबी रेणू काढून दाखवला. इतकी वर्षं ज्याच्याशी रोज गाठ होती, त्याची ओळख त्या दुपारी झाली. जे हाताला येत होतं ते डोक्यालाही कळलं, याचा आनंद कशाशी तोलू? मला कुणी म्हणतं, अनुभव होता, मग डिग्री कशाला हवी होती? मी म्हणतो, त्या फळ्यासाठी.

देवस्थळी साहेबांनी मॅडम गेल्या त्याच दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सगळं स्वतः सांगितलं. आत काय बोलणं झालं, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात जाड भिंगांचा नवा चष्मा लावून आले. नोकरी राहिली. त्या वर्षीची बढती मात्र गेली, हे मला कारकुनाकडून कळलं. मी विषय काढला तर म्हणाले, "हं, सांग," आणि रजिस्टर उघडलं.

निकाल लागला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पेढे शिरवण्यात वाटले, दिवाळे गावात सुमनच्या माहेरी वाटले. तिची आई होडीवरून आलेली मासळी निवडत होती. तिने ओल्या हातानेच पेढा घेतला आणि विचारलं, "मंग आता काय बदलंल?"

मी म्हटलं, "सही करता येईल."

"एवड्यासाठी इतकी वर्सं?" ती म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला.

असिस्टंट केमिस्टची ऑर्डर पावसाळ्याच्या शेवटी हातात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बॅच मी केली. वाचन तेवीस पूर्णांक पंच्याहत्तर. सवयीने टाइलवर लिहिलं. साहेबांनी रजिस्टर उघडलं, पण पेन काढलं नाही. रजिस्टर माझ्याकडे वळवलं.

मी तारीख लिहिली. बॅच लिहिली. वाचन लिहिलं, पाचासकट. सहीच्या रकान्याशी आलो आणि हात थांबला. इतकी वर्षं साहेबांची दोन अक्षरी सही रोज बघत होतो. आपली कशी करायची, याचा विचारच केला नव्हता. मग पूर्ण नाव लिहिलं. हरिश्चंद्र पोशा म्हात्रे. रकाना दोन अक्षरांसाठी आखलेला. बाचं नाव रेघेवर आलं आणि म्हात्रे पार समासात गेलं.

साहेब नव्या चष्म्यातून वाकून बघत होते.

"अहो म्हात्रे, रकान्यात बसवा."

त्यांनी मला अहो म्हटलेलं ते पहिलंच.

"बसत नाही, साहेब."

त्यांनी कोटाच्या खिशातलं दुसरं पेन काढलं, टेबलावरची पट्टी घेतली आणि पुढच्या कोऱ्या पानावर सहीच्या रकान्याची डावी रेघ दोन बोटं डावीकडे सरकवून नव्याने आखली. शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून ठेवलं.

"आता बसेल," ते म्हणाले. "पुढची बॅच कोणती?"